पाखरं गेली की ढोल

अण्णा नगरातल्या त्या इमारतीत कल्पना सरनोबतच्या घरी आज कसली भाजी आहे, हे कुणाला विचारावं लागत नाही. ती तिसऱ्या मजल्यावरून नवऱ्याला "संजीव, दोडका आणलास की घोसाळं?" असं विचारते आणि खाली फाटकाशी बसलेला इस्त्रीवाला मान वर करतो. संजीव काय उत्तर देतो ते मात्र कुणालाच कळत नाही, कल्पनालाही पुन्हा विचारावं लागतं. देवाने एका घराला जेवढा आवाज द्यायचा ठरवला होता, तो सगळा त्याने बायकोच्या पदरात टाकला आणि नवऱ्याला वरणभातावर ठेवलं.

यात तिचा दोष नाही. ती जन्मली इचलकरंजीत. घराच्या पुढच्या निम्म्या भागात यंत्रमाग आणि मागच्या निम्म्यात माणसं. खडखडाट चालू असतानाच तिथे मुलं अभ्यास करत, लग्नं ठरत आणि भांडणंही मिटत. शांतता पसरली म्हणजे वीज गेली, आणि वीज गेली म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. त्यामुळे शांततेचा आणि तिचा संबंध लहानपणापासूनच बिघडलेला. पुढे लग्न होऊन ती चेन्नईला आली आणि नोकरी लागली ती श्रीपेरुंबुदूरकडच्या मोटारीचे भाग बनवणाऱ्या कारखान्यात. तिथे पत्रा दाबणाऱ्या अजस्र यंत्रांच्या शेजारी उभं राहून ती माल तपासते. कानात बोळे घालून काम करणाऱ्या माणसांना ऐकू जाईल असं बोलायचं, तर साधा गळा पुरत नाही.

पण कल्पनाची खरी गोष्ट सुरू होते ढोलापासून. शोळिंगनल्लूरच्या सॉफ्टवेअर कंपन्यांतल्या मराठी पोरापोरींनी चार वर्षांपूर्वी एक ढोलताशा पथक काढलं. त्यांचा म्होरक्या सिद्धार्थ, नाशिककडचा, दिवसभर संगणकासमोर वाकून बसणारा एक सज्जन मुलगा. गणपतीत त्याने सहज म्हणून कल्पनाच्या कमरेला ढोल बांधला आणि हातात टिपरू दिलं. पहिली थाप पडली आणि आजवर आपल्या घशाला जे जमत नव्हतं ते हेच, असं तिला वाटलं. चाळिशी उलटलेली ही बाई महिन्याभरात पथकाची प्रमुख झाली. विशीतली पोरं तिला ताई म्हणायला लागली आणि तिच्या धाकाने वेळेवरही यायला लागली.

दुःख एकच होतं. त्यांना कुणी पुरं वाजवूच देत नव्हतं.

रविवारी सरावाला बसावं, तर समोरच्या इमारतीतून माणूस येई. जागा बदलावी, तर तिथला रखवालदार हात जोडी. समुद्रकिनारी गेले, तर एका हवालदाराने कौतुकाने ऐकलं, मान डोलावली आणि मग अत्यंत प्रेमाने घरी जायला सांगितलं. पथकाने सहा हात बसवले होते. हात म्हणजे ठेक्यांच्या एकेक रचना, एकीतून दुसरी चढत जाणाऱ्या. सहावा तर खुद्द कल्पनाने रचला होता, मागाच्या खडखडाटावरून. तो सुरू झाला की आधी ताशे धावतात, मग झांजा आणि शेवटी सगळे ढोल एकदम अंगावर येतात. पण कुठल्याही कार्यक्रमात तिसऱ्या किंवा चौथ्या हाताशी कुणीतरी घड्याळ दाखवत येई. सहावा हात आजवर माणसांसमोर एकदाही वाजला नव्हता. कल्पनाला रात्री स्वप्नं पडत ती याचीच, आणि स्वप्नातही कुणीतरी घड्याळ दाखवत येई.

म्हणून सिद्धार्थने जेव्हा फोनवर ती बातमी दिली, तेव्हा तिने कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये हातातली इडली तशीच ठेवून टेबलावर थाप मारली. चेंगलपट्टूच्या पलीकडे नारैपाक्कम नावाचं गाव, गावाला लागून मोठं तळं. तिकडे त्याला एरी म्हणतात. तळ्यात बाभळींची दाटी आणि बाभळींवर हिवाळाभर हजारो पाणपक्षी. काठावर नवं रिसॉर्ट झालेलं. पोंगलच्या सुट्टीत शहरातून पाहुणे येणार, संध्याकाळी पक्षी परततात त्या वेळी तळ्याकाठी पथकाने वाजवायचं. किती वाजवायचं, तर पुरं. वरून ड्रोन फिरणार आणि सूर्यास्त, पक्षी, भगवा ध्वज असं सगळं एकाच चित्रात येणार. नवीन नावाचा तिथला व्यवस्थापक फोनवर म्हणाला होता, शेजारी कोणी नाही, तक्रार करायला पाखरंच काय ती.

मग काय विचारता. पथकाने पंधरवडा घर डोक्यावर घेतलं. ढोलांच्या दोऱ्या ओढल्या, त्यांची पानं म्हणजे वाजवायची कातडी बदलली, झांजांचे गोंडे नवे केले. ऋजुता नावाची पुण्याची मुलगी ताशा वाजवते, तिने बोटांना फोड येईपर्यंत सहावा हात घोटला.

आणि प्रवास कसा करायचा याचे कल्पनाने नियम घातले. सहलीला जाऊन गावोगाव कचरा टाकून येणाऱ्या लोकांचा तिला मनापासून राग. गेल्या वर्षी महाबलीपुरमला एका अनोळखी कुटुंबाच्या मागे बाटली घेऊन ती भर उन्हात चालत गेली होती, त्यांची बाटली त्यांना परत द्यायला. त्यामुळे इथे एकही प्लास्टिकची बाटली नको. स्टीलची ताटं घरून, पाण्याचे तांबे घरून, कचऱ्याच्या पिशव्या आपल्या आपण परत आणायच्या. गाड्या वेगवेगळ्या नकोत, सगळे एकाच बसने. जेवण गावातल्याच खानावळीत, म्हणजे गावाला चार पैसे मिळतील. आपण गेलो होतो हे गवताच्या पात्यालासुद्धा कळता कामा नये, असं ती बसमध्ये माईकशिवाय ओरडून म्हणाली, आणि ड्रायव्हरने दचकून ब्रेक दाबला.

बस गावाच्या वेशीशी पोचली तेव्हा सकाळचं ऊन नुकतं तापत होतं. रिसॉर्टचा रस्ता अरुंद, बस पुढे जाईना. ढोल उचलून गावातून चालत जायचं ठरलं. पोरं उतरली आणि हरखून इकडेतिकडे पाहू लागली. दारोदारी तांदळाच्या पिठाचे कोलम, ऊस, झेंडू, धुऊन पुसून रंगवलेल्या शिंगांच्या गाई. पोंगलचा दिवस, तेव्हा हे असणारच. कल्पनाला फक्त एक गोष्ट चमत्कारिक वाटली. गाईंच्या गळ्यात घंटा नव्हत्या.

एका पडवीत पांढऱ्या केसांची, पाठीने ताठ बाई चूल पेटवत होती. पोरांचं बोलणं कानी पडताच तिचा चेहरा असा फुलला, की सगळे जागीच थांबले. "तुम्ही मराठी कां?" ती अगदी हळू म्हणाली. "यावें, यावें. घर तुमचेंच."

या कामाक्षीबाई. घराणं तंजावरचं, पिढ्यान्‌पिढ्या तिकडचं. जन्म गेला तमिळ मुलांना शिकवण्यात, बदली होऊन या गावच्या शाळेत आल्या आणि निवृत्त झाल्यावर इथेच राहिल्या. घरात मराठी बोलायला यजमान व्यंकोजी होते, ते गेल्यावर पडवीत त्यांची खुर्ची रिकामी राहिली आणि ती भाषा देवाजवळ बोलायला उरली. आता एकदम तीसएक मराठी पोरं दारात पाहून बाईंना काय करू आणि काय नको असं झालं. त्यांनी सगळ्यांना पडवीत, अंगणात, मिळेल तिथे बसवलं. कल्पनाने तीळगुळाचा डबा उघडला. दोघींची मराठी एकमेकींपासून तीनशे वर्षं लांबची, पण गूळ चाखून झाल्यावर अंतर बरंच कमी झालं.

चुलीवर नव्या तांदळाचं मडकं रटरटत होतं. शेजारच्या अंगणांतही तशीच मडकी होती. दूध वर येऊ लागलं तशा सगळीकडच्या बायका चुलीजवळ सरकल्या. एकोणीस वर्षं चेन्नईत काढलेल्या कल्पनाला पुढे काय असतं ते चांगलं ठाऊक. मडकं उतू गेलं की सगळ्यांनी मिळून पोंगलचा गजर करायचा. अण्णा नगरात त्यांच्या इमारतीखाली दर वर्षी हा गजर होतो आणि त्यात तिचा नंबर पहिला असतो.

दुधाचा फेस मडक्याच्या काठावरून घरंगळला. कल्पनाने दोन्ही हात वर केले आणि इचलकरंजीच्या, कारखान्याच्या आणि ढोलपथकाच्या सगळ्या कमाईनिशी आरोळी ठोकली, "पोंगलो पोंगल!"

ती एकटीच होती. बाकी सगळ्या बायका हात जोडून उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ नुसते हलत होते.

घरामागे काहीतरी फाटल्यासारखा आवाज झाला. आधी वाटलं बाभळीच उठल्या. मग दिसलं, की तळ्यावरचं सगळं आकाश पंखांनी भरलंय. करकोचे, बगळे, झोळीसारख्या चोचीचे पाणपक्षी, थरावर थर, घिरट्या घालत वर जाणारे. पोरांनी आ वासला. सिद्धार्थने फोन वर धरला, ऋजुता तर नाचायचीच बाकी होती. कल्पनाच्याही अंगावर काटा आला, आपल्या एका आरोळीने आभाळ हललं म्हणून.

मग तिचं लक्ष गावकऱ्यांकडे गेलं. कुणी वर बघत नव्हतं. सगळे तळ्याकडे बघत होते, हात खाली सोडून. तिनेही तिकडे पाहिलं. उघड्या पडलेल्या घरट्यांवर कावळे उतरत होते. कुठल्या कोपऱ्यात वाट पाहत बसले होते कोण जाणे, पण एका क्षणात आले. एक तिच्या डोक्यावरून गेला आणि त्याच्या चोचीत पांढरं अंडं होतं. मग आणखी एक गेला. पक्षी खाली यायला फार वेळ लागला नाही, पण कावळ्यांना तेवढा पुरला.

कामाक्षीबाईंनी केळीच्या पानावर गोड पोंगल वाढला, वर तूप सोडलं आणि पान तिच्यापुढे ठेवलं. हे तिला सगळ्यात जड गेलं. कारखान्यात चूक झाली की चारचौघांत बोलणी बसतात आणि माणूस मोकळा होतो. इथे तिला तूप वाढत होते.

शेवटी तिनेच विचारलं, आणि बाईंनी सांगितलं. पाखरं कार्तिकाच्या तोंडावर, दिवाळीत येतात, पिल्लं उडाली की वैशाखात जातात. तेवढे महिने गाव आवाज करत नाही. दिवाळीत फटाका नाही, बसला भोंगा नाही, गाईला घंटा नाही. लग्नं पाखरं गेल्यावर, देवीची जत्राही पाखरं गेल्यावर. कुणी लिहून दिलेलं नाही, पण पणजोबांच्या आधीपासून चाललंय.

"माझे यजमान मार्गळीत गेले," बाई म्हणाल्या. "शंख नाही, मेळम नाही. पायांचा आवाज जाला, तेवढाच. त्यांस वाद्यें फार आवडत." मार्गळी म्हणजे तिकडचा मार्गशीर्ष आणि मेळम म्हणजे ढोल आणि सनई, तिकडे ते वाजवल्याशिवाय वयस्कर माणसाला कुणी स्मशानात नेत नाही. बाईंच्या बोलण्यात तक्रार नव्हती. भात जरा मऊ झाला असं सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं.

कल्पनाने विचारलं, आम्ही संध्याकाळी वाजवणार हे गावाला ठाऊक आहे का. बाईंनी मान डोलावली. "ढोल पाहिले तेव्हांच कळलें. आम्ही नको म्हणणार नाही. पाहुण्यास नको म्हणायची आम्हास रीत नाही."

कल्पनाने पथकाला चिंचेखाली गोळा केलं. तिला काय म्हणायचंय ते तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेलं होतं, आणि पोरांचे चेहरे एकेक करून उतरले. ऋजुताच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं म्हणणं, आपण एक कागदसुद्धा टाकलेला नाही, सगळं नियमाने केलंय, आणि पाखरं काय, पाच मिनिटांत परत बसली की. सिद्धार्थचं म्हणणं, शब्द दिलाय, पाहुणे जमलेत, आता माघार घेतली तर पुन्हा कोण बोलावणार. दोघांचंही खरं होतं. कल्पनाला स्वतःला तर सहाव्या हाताची पहिली थाप तळव्यात खाजत होती. खोटं कशाला सांगा, तिला त्या पाखरांचा राग आला. एवढा मोठा देश पडलाय आणि यांना हेच तळं सापडलं.

"माझ्या एका घशाने हे झालं," ती म्हणाली. "आपण तीस जण ढोल बांधून उभे राहणार आहोत. कचऱ्याचा मी विचार केला, आवाजाचा केला नाही. आवाज पिशवीत भरून परत नेता येत नाही."

ती हे हळू बोलली. तिच्या हिशेबाने हळू. पथकाने चार वर्षांत तिला या पट्टीत ऐकलं नव्हतं, त्यामुळे पुढे कुणी वाद घातला नाही.

नवीनला समजावणं अवघड गेलं. माणूस वाईट नव्हता, भलताच उत्साही होता. त्याने आधी सुचवलं की ढोल जरा हळू वाजवा. ढोल हळू वाजवणं म्हणजे काय हे कल्पनाला आजतागायत उमगलेलं नाही. मग तो म्हणाला, ठीक आहे, आम्ही स्पीकर लावू. तेव्हा कल्पनाने त्याचं मनगट धरलं आणि त्याला संध्याकाळी सरळ बांधावर नेऊन बसवलं. पाहुण्यांनाही बोलावलं. काही कुरकुरत आले, काही आलेच नाहीत. ढोलांवर चादरी घातल्या होत्या. पथक ओळीने मातीत बसलं, कामाक्षीबाई आणि गावातल्या चारपाच बायका त्यांच्या शेजारी.

पाखरं परतू लागली. दिवसभर चरून आलेले थवे तांबड्या आभाळातून खाली झेपावत, पंख आवळत, आपापल्या फांदीवर अचूक उतरत. घरट्यांत पिल्लांची घाई उडाली. आणि मग कल्पनाला ऐकू आलं. करकोचे चोचीवर चोच आपटत होते, टकटकटकटक, एका झाडावरून दुसऱ्या झाडावर, कधी पाठोपाठ आणि कधी सगळे एकदम. तिने ऋजुताला कोपराने ढोसलं. ऋजुताला आधीच कळलं होतं, तिची बोटं गुडघ्यावर चालत होती. ताशाच होता तो, दुसरं काही नाही. हळूहळू अख्ख्या ओळीची बोटं गुडघ्यांवर चालू लागली, आणि तेवढ्या माणसांचा मिळून आवाज झाला तो धोतर झटकल्याइतका. कल्पना मनातल्या मनात ओरडत होती. इतकी खूश ती कित्येक दिवसांत झाली नव्हती आणि कुणाला सांगायची सोय नव्हती. नवीन अंधार पडेपर्यंत उठला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पाहुण्यांना सांगितलं म्हणे, की हा मौनाचा कार्यक्रम रिसॉर्टनेच ठेवला होता. सांगू दे बिचाऱ्याला.

निघताना कामाक्षीबाई वेशीपर्यंत आल्या. त्यांनी एका ढोलावरची चादर जरा बाजूला केली, पानावरून तळहात फिरवला आणि चादर पुन्हा नीट घातली. पाखरं गेली की कळवते, एवढंच म्हणाल्या.

मग वाट पाहणं सुरू झालं. माघ गेला, फाल्गुन गेला. चेन्नईचा उन्हाळा पेटला. रविवारचे सराव तसेच चालू राहिले, माणसं तशीच हात जोडत आली. कल्पना घरी उशीवर हात घोटायची. "अजून आहेत का हो पाखरं?" असं ती बाईंना फोनवर विचारायची आणि अख्ख्या इमारतीला ते ऐकू जायचं. शेवटी लिफ्टमध्ये भेटणारे लोकही तिला पाखरांची चौकशी करू लागले. शेवटचं पिल्लू उडायला तयार नाही, असं एकदा कळलं, तेव्हा इस्त्रीवाल्यानेही त्या पिल्लाला दोन शब्द सुनावले.

वैशाखातल्या एका सकाळी फोन वाजला. बाई नेहमीसारख्या हळू बोलतील म्हणून कल्पनाने फोन कानाशी घट्ट दाबला आणि तिचा कानच बसला.

"गेलीं!" कामाक्षीबाई पलीकडून ओरडल्या. "समस्त गेलीं. यावें!"

यावेळी बस वेशीशी पोचायच्या कितीतरी आधीच गाव ऐकू आलं. तळं आटून मधे डबकं उरलेलं, बाभळी रिकाम्या, आणि खाली गावाने नुसता धुमाकूळ घातलेला. गाईंच्या गळ्यात घंटा, पोरांच्या तोंडात पिपाण्या. एकाच आठवड्यात तीन लग्नं आणि वर देवीची जत्रा. ज्यांचं माणूस पाखरांच्या दिवसांत गेलं होतं, त्या घरांसमोर मेळम थांबून वाजत होता आणि मग पुढे जात होता. म्हातारे एकमेकांना उगीचच लांबून हाका मारत होते. कल्पना बसमधून उतरली आणि तिला इचलकरंजीला पोचल्यासारखं झालं.

पथकाने कामाक्षीबाईंच्या अंगणासमोर रिंगण धरलं. ढोल कमरेला बांधले गेले, ऋजुताने ताशा चढवला, ध्वज उभा राहिला. गाव भोवती गोळा झालं. टिपरू उचलताना कल्पनाचा हात थांबला. सवयच होती ती, नाइलाज होता. तिने वळून बाईंना विचारलं, किती वेळ वाजवायचं, म्हणजे थांबायचं कधी.

कामाक्षीबाईंना प्रश्न कळायला जरा वेळ लागला. मग त्यांनी पदर खोचला आणि शेजारच्या पोरीच्या हातातल्या झांजा सरळ आपल्या हातात घेतल्या.

"कार्तिक लागेपर्यंत वेळ आहे," त्या म्हणाल्या. "वाजवा."

कल्पनाने यजमानांच्या रिकाम्या खुर्चीकडे एकदा पाहिलं, हात वर केला, आणि पथकाने पहिल्यापासून सुरुवात केली. सहावा हात त्या दिवशी चार वेळा वाजला.